उशिरा निघालेलं पिंप

क्रेनवाल्याला चक्कर आली ती जमिनीवर, हेच त्याला जास्त लागलं होतं. इतकी वर्षं तो उंच मनोऱ्याच्या टोकाला, कपाटाएवढ्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया उचलत आला होता. वारा सुटला की केबिन झुलायची आणि हा पठ्ठ्या डबा उघडून निवांत जेवायचा. आणि एका सकाळी घरात, पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधायला वाकला, तर फरशी एका बाजूने उचलली गेली, भिंती तिच्यामागोमाग निघाल्या आणि तो बुटासकट आडवा झाला.

डॉक्टरांनी कानात बघितलं, डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि सांगितलं की कानाच्या आतली तोल सांभाळणारी नस सुजली आहे. बरी होईल, पण तिच्या मर्जीने होईल. तोवर उंचीवर जायचं नाही, झटकन मान फिरवायची नाही.

"मग करायचं काय?" त्याने विचारलं.

"वाट बघायची," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

झालं, क्रेनवाला घरी बसला. घर अरुंद आणि दुमजली. खाली स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि मागे अडगळीची खोली. वर झोपायच्या खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला काचा लावून बंद केलेली गॅलरी. बायको कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर परक्यांचे दात घडवायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची की आज एका आजोबांचं हसू फार छान जमलंय. ती कामावर गेली की घरात दोघंच उरायची, क्रेनवाला आणि त्याच्या सासूबाई.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. उजेड, सावली, समोर कुणीतरी उभं आहे, एवढंच त्यांना कळायचं. बाकी सगळं दुधात बुडालेलं. त्या भिंत धरून चालायच्या. क्रेनवालाही भिंत धरूनच चालायचा. खोल्यांमधल्या अरुंद बोळात समोरासमोर आले की दोघांनाही तीच भिंत हवी असायची. मग "तुम्ही या," "नाही, आधी तुम्ही," असं बराच वेळ चालायचं. त्यापलीकडे बोलणं बेताचंच. सासू-जावयाचं नातं त्यांनी लग्नाच्या दिवशी घडी घालून ठेवलं होतं, ते अजून कुणी उलगडलेलं नव्हतं.

खरं तर सासूबाईंचा आवाज त्याने बायकोला बघायच्या कितीतरी आधी ऐकला होता. त्या रेल्वे स्टेशनवर घोषणा करायच्या. क्रेनवाला काम शिकायला जायचा तेव्हा पहाटेच्या धुक्यात फलाटावर उभा राहायचा, आणि वरून तो आवाज यायचा: संथ, ऊबदार, गाडी उशिराने धावत असल्याबद्दल दिलगीर. तो आवाज कुणा बाईचा असेल असं त्याच्या मनातही यायचं नाही. धुकंच बोलतंय असं वाटायचं. पुढे मुलीला मागणी घालायला तिच्या घरी गेला, दारातून आवाज आला, "या, बसा," आणि त्याने चटकन वर बघितलं, कर्णा कुठे लावलाय ते. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

त्याला घरी बसून करमेना, तेव्हा खालचा आला. खालचा म्हणजे क्रेनच्या पायथ्याशी उभा राहून हाताच्या खुणा करणारा त्याचा जोडीदार. तुळई वर घे, डावीकडे ने, थांब, सोड, हे सगळं तो दोन हातांनी बोलायचा. क्रेनवाल्याने इतकी वर्षं त्याला डोक्याच्या बाजूनेच बघितलेलं. जमिनीवर भेटला की तो एवढा उंच कसा, असा प्रश्न दर वेळी पडायचा. खालच्याला घरी बिअर बनवायचा नाद होता. येताना तो झाकणाचं, आतलं दिसेल अशा पातळ पांढरट प्लास्टिकचं पिंप, माल्टचा म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या अर्काचा डबा, हॉप्स नावाच्या कडवट वाळक्या फुलांची पुडी आणि ते सगळं आंबवायला यीस्टचं पाकीट घेऊन आला.

"तुझ्या हाताला काम पाहिजे ना? हे घे. यात वाकायचं नाही, चढायचं नाही. नुसतं बसायचं."

दोघांनी मिळून माल्ट उकळला, हॉप्स टाकले. घरभर कडवट, गवतासारखा, ओल्या लाकडासारखा वास पसरला. सगळं निवल्यावर पिंपात ओतलं, वरून यीस्ट भुरभुरलं आणि झाकण लावलं. झाकणाच्या मधोमध एक वाकडी नळी होती, तिच्यात घोटभर पाणी. आत यीस्ट कामाला लागलं की हवा या पाण्यातून बाहेर येणार आणि बुडबुडे दिसणार.

"उद्या सकाळी बघ," खालचा म्हणाला. "कुणीतरी आत हुक्का ओढत बसलंय असं वाटेल."

पिंप अडगळीच्या खोलीत ठेवलं. सासूबाई घरात, त्यात बिअरचं प्रकरण. चार हात लांब बरं, असा त्याचा हिशेब.

सकाळी बुडबुडा नव्हता. दुपारी नव्हता. दुसऱ्या दिवशीही नळीतलं पाणी जसंच्या तसं होतं, शेवाळ्याची वाट बघणाऱ्या डबक्यासारखं. क्रेनवाला भिंत धरून जायचा, स्टुलावर बसायचा, नळीकडे टक लावून बघायचा आणि परत यायचा. परत आला की वाटायचं, आपण पाठ फिरवली आणि नेमका तेव्हाच आला असेल. मग पुन्हा जायचा. त्या खोलीत एकच झरोका होता. त्यातून येणारा उजेड पिंपावर पडायचा आणि आतला तपकिरी द्रव बाहेरून मधासारखा दिसायचा. बघता बघता त्याला वेळेचं भान राहायचं नाही. आपण वाट कशाची बघतोय, पिंपाची की कानातल्या नसेची, हेही कधी कधी विसरायला व्हायचं.

"जावईबापू," एकदा तो परत येत असताना सासूबाईंनी विचारलं, "मागच्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही, आई."

"मग सारखे भेटायला कुणाला जाता?"

क्रेनवाला बोळात उभा राहिला. एवढी वर्षं शंभर माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेताना तो कधी डगमगला नव्हता. आता कानशिलं गरम झाली. पण आता खोटं बोलायचं म्हणजे ते निभवायला हवं, आणि घरात तर दोघंच.

"बिअर लावलीय," तो म्हणाला. "पिंपात. आंबायला."

सासूबाईंनी चाचपत खुर्ची गाठली. "एवढंच ना? मला वाटलं, तुम्ही मांजर पाळलंय आणि माझ्यापासून लपवताय. मांजराची मला भीती वाटते." आणि खुर्चीत सावरून बसत म्हणाल्या, "मग? लागली मार्गाला?"

"नाही ना. निघायलाच तयार नाही."

"कारण काय?"

"कुणास ठाऊक."

"असं नाही चालत," सासूबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा तो जुना आवाज कुठूनसा वर आला. "उशीर झाला तर झाला, पण कारण सांगावं लागतं. कारण कळलं की माणसं बाकावर बसून घेतात, पेपर काढतात. नाही कळलं की खिडकीवर येऊन शिव्या घालतात. मी खाल्ल्यात ना शिव्या. विचारा कुणाला तरी."

क्रेनवाल्याने खालच्याला फोन लावला. सासूबाईंनाही ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला.

"पिंप कुठे ठेवलंयस?" खालच्याने विचारलं.

"मागे. अडगळीत."

"थंड आहे ती खोली?"

"फरशीवर पाय ठेववत नाही."

"मग कसं उठेल यीस्ट? तू उठशील का पांघरुणातून?" खालचा हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "आणि हे बघ, रागावू नकोस. ते पाकीट गाडीत पुढच्या काचेपाशी पडलं होतं माझ्याकडून. उन्हात. बरंच यीस्ट मेलं असेल. जे जगलंय ते थोडं आहे, त्याला वाढायला वेळ लागणार. पिंप उबेला ने, चांगलं हलव म्हणजे तळाशी बसलेलं वर येईल. मात्र उन्हात उघडं ठेवू नकोस, वास बिघडतो. काहीतरी पांघर. आणि झाकण काढून काढून बघू नकोस, घाण जाईल आत."

"हं," फोन ठेवल्यावर सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "आता कारण मिळालं."

घरात ऊब होती ती फक्त वरच्या गॅलरीत. दुपारचं ऊन काचांतून आत यायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच लोळत पडायचं. पण गॅलरी जिन्याच्या वर, पिंप जिन्याच्या खाली, आणि भरलेलं पिंप एकट्याने उचलणं धडधाकट माणसाच्याही आवाक्याबाहेरचं. बायको येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते दोघांनाही कळत होतं. क्रेनवाला काहीतरी पुटपुटला, तेवढ्यात सासूबाई उठून साडीचा पदर खोचत होत्या.

"माझे डोळे गेलेत, हात नाही गेले," त्या म्हणाल्या. "कान कुठला धरू?"

पिंपाला दोन बाजूंना दोन कान होते. सासूबाई पुढे, क्रेनवाला मागे. त्याने मान ताठ ठेवली, नजर समोरच्या भिंतीवर एका ठिकाणी खिळवली आणि बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्याने दुसऱ्याच्या खुणांवर हात हलवले होते. आज खुणा करायची पाळी त्याची होती, आणि खुणा बघू शकणारं कुणी नव्हतं.

"जरा वर घ्या. हां. सरळ. डावीकडे दाराची चौकट आहे, अंग चोरा. बस. आता पायरी."

"केवढी?"

"पाऊलभर. पाय टाका. टेकला? आता दुसरी."

पिंपातला द्रव डुचमळत होता. प्रत्येक पायरीला आतून एक जड लाट पुढे जायची, सासूबाईंच्या बाजूला आपटायची आणि परत यायची. जिन्याच्या वळणापर्यंत सगळं नीट चाललं. तिथे पिंप फिरवायचं होतं. क्रेनवाल्याने ते फिरतंय की नाही हे बघायला मान वळवली, आणि मान वळली त्याच्याही पुढे जिना वळला. कठडा वर गेला, छत खाली आलं. पायाखालची पायरी कुणीतरी हळूच ओढून घेतली. त्याने डोळे घट्ट मिटले आणि पिंपाचा कान आणखी घट्ट धरला.

"आई," त्याला एवढंच बोलता आलं.

सासूबाईंनी काय झालं ते विचारलं नाही. पिंप पायरीवर टेकल्याचं त्याला जाणवलं. त्यांनी गुडघा लावून ते भिंतीला दाबून धरलं, आणि मग जिन्यात, अगदी त्याच्या डोक्यावरून आल्यासारखा, तो आवाज आला.

"सर्व प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. जावईबापूंची गाडी काही कारणाने जिन्याच्या वळणावर थांबली आहे. गाडी लवकरच सुटेल. कुणीही घाबरून खाली उतरू नये. सामान सुरक्षित आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

त्यांनी ते पुन्हा म्हटलं. तितक्याच संथपणे, शब्दही न बदलता. मिटल्या डोळ्यांमागे क्रेनवाल्याला धुकं दिसत होतं, भल्या पहाटेचं, ज्यात रूळ कुठे संपतात ते कळत नाही आणि शेजारचा माणूस नुसता खोकल्यावरून ओळखायचा. त्या धुक्यात काहीच फिरत नव्हतं. सगळं जागच्या जागी उभं राहून वाट बघत होतं. तिसऱ्या घोषणेला जिना सावकाश खाली उतरला आणि आपल्या जागी येऊन बसला.

"हा आवाज मी तुम्हाला भेटायच्या आधीपासून ओळखतो," तो डोळे न उघडताच म्हणाला. आणि मग त्याने फलाट, धुकं, काम शिकण्याचे दिवस, मागणी घालायला आल्यावर वर शोधलेला कर्णा, सगळं सांगून टाकलं. जिन्याच्या वळणावर, पिंपाला मिठी मारून.

सासूबाई ऐकत होत्या. "पहाटेची गाडी," त्या शेवटी म्हणाल्या. "ती कायम उशिरा. मी तुमची किती दिलगिरी व्यक्त केली असेल हो. आणि तुम्ही खाली उभे! तोंडावर सांगायचं होतं ना एकदा, थंडी वाजतेय म्हणून. मी चहा पाठवला असता."

दोघंही हसली. हसल्याने पिंप हललं आणि आतली लाट पुन्हा एकदा इकडून तिकडे गेली.

गॅलरीत पोचल्यावर त्यांनी पिंप कोपऱ्यात ठेवलं, कान धरून पुढे-मागे चांगलं झुलवलं आणि भोवती जाड घोंगडी गुंडाळली. नळी तेवढी घोंगडीतून डोकं काढून राहिली. सासूबाईंनी आपली उशी पिंपाला टेकवली आणि तिला पाठ लावून बसल्या. क्रेनवाला पलीकडच्या बाजूला बसला. काचांतून येणारं ऊन त्यांच्या पायांवरून हळूहळू गुडघ्यांवर चढलं. खाली रस्त्यावरून सायकली जात होत्या, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, आणि ते आवाज काचेला लागून मऊ होऊन आत येत होते. सासूबाईंचा श्वास आधी मंदावला. मग त्याचाही.

झोपेत क्रेनवाला वर होता. केबिन मनोऱ्यावर नव्हती, नुसतीच तरंगत होती, आणि खाली गाव नव्हतं. खाली फेस होता, दाट, मलईच्या रंगाचा, क्षितिजापर्यंत. फेस सावकाश वर येत होता. त्याला भीती वाटत नव्हती. त्याने केबिनचं दार उघडलं आणि पाय बाहेर सोडून बसला. फेस तळव्यांना लागला. ऊबदार होता. खालचा कुठेतरी त्या फेसात उभा राहून दोन्ही हातांनी एकच खूण करत होता, आणि ती कुठली खूण ते त्याला आठवत नव्हतं, पण ती बरोबर होती.

बायको घरी आली तेव्हा खाली सामसूम. अडगळीची खोली उघडी, पिंप गायब. वर येऊन बघते तर घोंगडीतल्या पिंपाच्या दोन बाजूंना आई आणि नवरा, दोघांची तोंडं उघडी.

"तुम्ही दोघांनी हे वर आणलं?" तिने कपाळाला हात लावला. "एकीला दिसत नाही, एकाला उभं राहवत नाही. आणि मध्ये जिना!"

"उशिरा पोचलो," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "पण पोचलो."

त्या संध्याकाळी काही झालं नाही. नळीतलं पाणी ढिम्म होतं. सासूबाई कान लावून बसल्या आणि म्हणाल्या की आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतंय. पण ते त्या आपलं मन राखायला म्हणत असतील असं क्रेनवाल्याला वाटलं. फेकून द्यावं लागलं तर त्याला वाईट वाटणार होतं. बिअरचं नव्हे. काहीतरी चालू झालेलं बघायची त्याला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेल्यावर तो वर गेला. गॅलरीत सासूबाई आधीच बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तो उभा राहिला. नळीतलं पाणी एका बाजूला चढलं होतं, काठाशी थांबलं होतं, जणू घोट गिळू की नको. मग आतून एक गोल, भरदार बुडबुडा आला आणि फुटला.

"बोलला," सासूबाई कुजबुजल्या.

मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. दुपारपर्यंत त्यांना लय सापडली होती, आणि ऊन गॅलरीत आलं तेव्हा पिंप अगदी खालच्याने सांगितल्यासारखं हुक्का ओढत बसलं होतं. घोंगडी बाजूला करून क्रेनवाल्याने बघितलं. पिंपाच्या भिंतीतून आणि झाकणातून आत फेसाचं कडं दिसत होतं.

"कसं दिसतंय?" सासूबाईंनी विचारलं. "नीट सांगा. घाई करू नका."

तो झाकणावर वाकला. "वरती फेस आहे. पांढरा नाही, जरा पिवळसर. मध्ये मध्ये तपकिरी ठिपके. कडेला उंच आहे आणि मध्ये खोलगट. आणि त्याच्या खाली… खाली सगळं फिरतंय, आई. वर जातंय, खाली येतंय. कुणी हलवत नाही तरी."

"तुम्हाला चक्कर नाही ना येत?"

तो थांबला. एवढा वेळ तो मान खाली घालून, वाकून, फिरणाऱ्या गोष्टीकडे बघत होता. त्याने सावकाश मान वर केली. खिडकी जागेवर होती. सासूबाई जागेवर होत्या.

"नाही," तो म्हणाला. त्याने त्यांचा हात धरून तळवा पिंपाच्या भिंतीवर ठेवला. आतून हलकी थरथर येत होती, आणि ऊब. त्यांनी दुसराही हात ठेवला आणि तशाच बसून राहिल्या, दोन्ही डोळे त्या दुधाळ उजेडाकडे लावून.

चक्कर काही त्या दिवशी संपली नाही. नंतरही कधी कधी बोळ हलायचा, आणि मग सासूबाई स्वयंपाकघरातून गाडी थांबल्याची घोषणा करायच्या. पण हलणं कमी होत गेलं. दरम्यान त्यांची तारीख लागली. ऑपरेशनला जाताना जावईच बरोबर होता. दवाखान्याच्या पायऱ्या त्याने त्यांना एकेक सांगितल्या. एक डोळा झाला, मग काही दिवसांनी दुसरा. डॉक्टरांनी क्रेनवाल्याला कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण उंच मनोऱ्यावर एवढ्यात नको. तो गोदामातल्या बुटक्या क्रेनवर रुजू झाला. खालच्याची आणि त्याची नजर आता समोरासमोर यायची, आणि पहिले काही दिवस दोघांनाही उगाच हसू यायचं.

बिअर बाटल्यांत भरून मुरू दिली, आणि बाटल्या उघडल्या त्या एका सुट्टीच्या दुपारी, गॅलरीतच. खालचा आला होता. बिअर जरा गढूळ होती आणि तिला पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. यीस्टला सुरुवातीला कष्ट पडले की असा वास येतो, खालचा म्हणाला, आणि स्वतःच्या पाकिटाचा विषय टाळून त्याने पेला रिकामा केला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पेला काही खाली ठेवला नाही. त्या सगळ्यांकडे बघत होत्या. खालच्याकडे, मग जावयाकडे. "तुम्ही एवढे बारीक असाल असं आवाजावरून वाटलं नव्हतं," त्या खालच्याला म्हणाल्या.

मग त्यांची नजर लेकीवर गेली. ती कठड्यापाशी, काच सरकवलेल्या उन्हाच्या बाजूला बसली होती आणि तिच्या कानामागचे केस उडत होते. सासूबाई उठल्या, भिंत न धरता तिच्यापर्यंत गेल्या आणि ते केस बोटांत घेतले.

"हे काय लागलंय तुला?"

"प्लास्टर असेल गं. कामावरचं. जातच नाही धुऊन."

सासूबाईंनी केस बोटांनी चोळले. पुन्हा चोळले. पांढरं निघालं नाही.

"हे प्लास्टर नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कधी झाले गं हे?"

लेक हसली. मान जराशी तिरकी करून तिने आईच्या हाताला जागा करून दिली. खालचा रस्त्याकडे बघू लागला. क्रेनवाल्याने बाटलीत उरलेलं सासूबाईंच्या पेल्यात ओतलं, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, एका हाताने लेकीचे केस एकेक करून बघत, जणू सगळे बघून झाल्याशिवाय बसायचंच नव्हतं.